पाठराखीण

मॅक्लसफिल्डच्या दुकानात ग्लेनिस मला पाठमोरी उभी करते
आणि मानेखालच्या त्या उंच हाडापासून
कमरेपर्यंत फीत सोडते.
"चव्वेचाळीस."
शिंप्यांनी आजवर पाठ मोजली
ती गळा किती खोल कापायचा यासाठी.
झाकायसाठी कुणी पहिल्यांदाच मोजतंय.

काउंटरवर चार मांडलेत.
एक कासवाचा, तुकडे जोडलेला, खांद्यांवर पट्टे,
दप्तरातली पुस्तकं काढून घ्यावीत आणि नुसतं ओझं ठेवावं तसा.
एक नारिंगी, जॅकेटच्या खिशात सरकवायचा;
अंगठ्यानं दाबला तर कणकेसारखा दबतो,
बुक्की मारली की फळी होतो.
"मार की," ग्लेनिस म्हणते.
मी मारते. टायर बघणारी दोन पोरं वळून बघतात.
तिसरा स्वस्त. त्याच्याबद्दल आम्ही दोघी बोलत नाही.

पहिली पातळी, दुसरी पातळी.
ठोशातला अठरा आत पोचतो की नऊ, एवढाच हिशोब.
मुलगी एडिनबरोहून फोनवर: "आई, दुसरी. वाद नको."

मला मणके कोण शिकवणार?
बावीस वर्षं स्टॉकपोर्टच्या इस्पितळात एक्स-रे काढते मी.
छातीचा बारावा, कमरेचा पहिला,
तिथं चेपतात बहुतेक,
जिथं कणा आपला बाक बदलतो.
पडद्यावर दिसतात,
डब्याच्या तळाशी राहिलेल्या लाडवांसारखे.
आणि जे ग्लेनिसही इमानानं सांगते ते मला ठाऊक आहे:
हे ठोसा अडवतं, पीळ नाही.
रस्ता तुम्हाला ओल्या धोतरासारखा पिळेल
तेव्हा हे बिचारं नुसतं सोबत असेल.

सोबत.
इथं मी अडखळते.

माझ्या लग्नात पाठराखीण ठरली होती वैजू,
माझ्या पाठची. तिला मोरपिशी ड्रेस शिवला,
चपला घेतल्या, बॅगही भरून झाली,
मग कुणाच्या तरी ध्यानात आलं
की सासर विमानानं गाठायचंय.
फॉर्मवर नातं लिहायला रकाना होता,
हे नातं त्यात बसेना.
फेब्रुवारीत मँचेस्टरला उतरले.
नवरा पुढे, ट्रॉली ढकलत.
मागे कुणी नाही.
तेव्हापासून कुठेही गेले तरी
आधी भिंतीकडची खुर्ची बघते मी.

"बसून बघ," ग्लेनिस म्हणते,
"उभ्यानं सगळेच बरोबर बसतात."
कोपऱ्यात एक विकाऊ ट्रायम्फ आहे, तिच्यावर टांग टाकते.
त्रेपन्नाव्या वर्षी टांग टाकणं हा वेगळा विषय.
कासव मानेत टोचतं, हेल्मेटच्या काठाला भिडतं.
नारिंगी आखूड, माकडहाडाच्या चार बोटं वरच संपतो.
चौथा काळा, भोकाभोकांचा, रुंद कमरपट्ट्याचा.
मी टाकीवर ओणवी होते,
डाव्या खांद्यावरून मागे बघते, उजव्या,
आणि तो माझ्याबरोबर वाकतो,
किंचित उशिरा,
परक्या घरात आपल्याकडे बघून बघून
वागणाऱ्या मुलीसारखा.

"हा," मी म्हणते.
किंमत सवयीनं रुपयांत गुणायला घेते,
शून्याशी पोचून सोडून देते.

रात्री अंगात रुळावा म्हणून तो घालूनच भांडी घासते.
नवरा दारात. "पाठीला काय झालं?"
"काही नाही.
अजून काही झालेलं नाही."

वैजूला फोटो पाठवते. कऱ्हाडात दीड वाजलाय, झोपली असेल.
रविवारी कॅट अँड फिडलच्या घाटात
म्हणे ऊन पडणार आहे. मेंढ्या रस्त्यात बसतात तिथं,
त्यांना कुठलीच पातळी लागत नाही.

सकाळी तिचं उत्तर:
"माझी जागा हिला दिलीस होय.
बरं.
पण फार जाड आहे गं. घाम नाही येत?"